शहाण्णव टक्क्यांवर थांबलेला फेब्रुवारी

गड्ड्याची जत्रा उठते, पाळणेवाले आपले लोखंडी सांगाडे ट्रकवर चढवून निघून जातात आणि सोलापुरात एक मधलाच काळ येतो. थंडी म्हणावी तर अकराच्या आत पत्रा तापतो आणि उन्हाळा म्हणावा तर पहाटे गोधडी सोडवत नाही. होटगीच्या पलीकडे माझ्या माहेरी या दिवसांत ज्वारी पिवळी पडते, कणसं जड होऊन माना टाकतात आणि वारा आला की वाळल्या पानांचा आवाज दूरवर जातो. इथं भवानी पेठेत शेत नाही, पण वारा तोच. मागांच्या खटखटीतून वाट काढत तो गल्लीत शिरतो आणि माझ्या पुढ्यातल्या टॉवेलच्या गठ्ठ्यावरचं सूत उडवतो. ते सूत नाकात गेलं की मला कळतं, परीक्षा आल्या.

मी चौथी शिकले. माझ्या नावावर कुठली मोठी परीक्षा नाही. तरी फेब्रुवारी लागला की परीक्षा माझीच असल्यासारखं होतं. काल मी कोमलचा जुना लॅपटॉप पुसला, वायर लावली आणि सुरू करून खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवला. आमचे हे चिंचोळीच्या कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि त्याच्याकडं बघून म्हणाले, "आजपासनंच?" मी म्हटलं, "व्हय." ते ताट घेऊन बसले. त्यांना ठाऊक आहे.

हे मी कोमलच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. पण त्या एका फेब्रुवारीचं कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं.

कोमल माझी एकुलती एक मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. लहान असताना ती टॉवेलांच्या ढिगात बसायची आणि हात फिरवून सांगायची, हा जाडा, हा पातळ, ह्याची शिलाई उसवली. मी मशीनवर कडा मारायची आणि ती घड्या घालायची. तिच्या घडीचा कोपरा कधी चुकला नाही. शाळेत हुशार निघाली. पुढं एका संस्थेकडून तिला जुना, बोलणारा लॅपटॉप मिळाला. ती बटणं दाबायची आणि आतून एक बाई घाईघाईनं इंग्रजीत बोलायची. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. कोमल मात्र मान कलती करून ऐकायची, मेंढरू लांबचा आवाज ऐकतं तशी.

त्या वर्षी ती बारावीला होती. तिच्यासारख्या मुलांना पुस्तक वाचता येत नाही, ऐकावं लागतं. म्हणून राज्यातल्या अशा मुलांनी मिळून एक सोय केलेली होती. कुणाच्या बाईंनी, कुणाच्या मावशीनं, कुणाच्या बहिणीनं धडे मोठ्यानं वाचायचे, ते रेकॉर्ड करायचे आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचे. हे सगळं सांभाळायचे माने दादा. ते स्वतःही अंध. एका कार्यालयात फोनवर बसतात, सांगलीकडचे. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही आणि त्यांनीही आम्हाला पाहिलं नाही असं ते स्वतःच हसून म्हणतात.

ही पुस्तकं कुठं एका जागी ठेवलेली नव्हती. एवढा साठा फुकटात ठेवायला नेटवर जागा मिळेना, म्हणून दादांनी वेगळी तऱ्हा काढली होती. कोमलनं मला ती भाकरी थापताना समजावली.

"आई, एका पुस्तकाचे हजारभर बारीक तुकडे करतात. ज्याच्याकडं सगळे तुकडे हायत तो सीड. जो अजून गोळा करतोय तो पीअर. आपण मागितलं की एक तुकडा नांदेडच्या मुलीकडनं येतो, एक रत्नागिरीच्या पोराकडनं. आपल्याकडं येऊन जुळतात."

"आणि त्या पोरीचा तुकडा कमी व्हतो?"

"न्हाय. तिच्याकडं राहतो की. नक्कल येती."

मला ते पटलं नाही. दुसऱ्याला दिल्यावर आपल्याकडं तेवढंच राहतं अशी वस्तू मी तोवर पाहिली नव्हती.

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमचं घर गल्लीच्या टोकाला. वरच्या घरांनी मोटारी लावल्या की आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते, कधी तेवढीही नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मी एक गोष्ट शिकले, आपल्या वाट्याचं आलं की भरून घ्यायचं, झाकण लावायचं आणि तोटी बंद करायची. घागर उघडी दिसली की माझा हात आपोआप झाकणाकडं जातो.

तर त्या लॅपटॉपवर एक चौकोन होता आणि त्यात दोन बाण. एक खाली, एक वर. बोलणारी बाई आकडे सांगायची, पण चित्रं आणि रंग तिला सांगता येत नव्हते. ते मी बघायची. आकडे मला येतात. मी विचारलं, "ह्यो वरचा बाण कसला?"

"आपल्याकडं आलेले तुकडे दुसरी पोरं घेतात, त्याचा."

"आपल्या फोनच्या नेटमधनं? रोजच्या दीड जीबीतनं?"

"व्हय."

"बंद कर ते."

कोमलनं बटणांवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "पूर्ण बंद व्हत न्हाय. शून्य लिवलं की मोकळं सुटतं, असं दिलंय ह्यात." मी म्हटलं, "मग एक लिव." तिनं एक लिहिला. वरचा बाण करंगळीच्या धारेवर आला आणि मला बरं वाटलं. घागरीवर झाकण ठेवल्यासारखं.

तेव्हापासून इतिहासाचं पुस्तक गोगलगाईच्या चालीनं यायला लागलं.

ते दिवस मला आजही अंगावरून गेल्यासारखे आठवतात. उन्हं चढत जायची, गल्लीत सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास भरायचा, माग खटखटत राहायचे आणि आम्ही दोघी एका आकड्याकडं बघत बसायचो. म्हणजे मी बघायची आणि ती विचारायची. "किती?" "एक्केचाळीस." मी चार टॉवेल शिवायची. "किती?" "एक्केचाळीसच." फोन ज्या ठिकाणी ठेवला तिथं रेंज कमी असेल म्हणून मी तो खिडकीत ठेवला, मग पत्र्याच्या खाचेत, मग स्टीलच्या तांब्यात उभा केला. ह्यांनी शिफ्टवरून येऊन ते बघितलं आणि म्हणाले, "त्याला तहान लागली व्हय?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच कारखान्यातून लांब वायर आणली आणि फोन वरच्या तुळईला बांधून दिला. आकडा हलला नाही.

शेवटी कोमलनं माने दादांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी डॉक्टरसारखी चौकशी केली. पीअर किती दिसतात, खाली चित्र कोणतं आहे, हिरवं का लाल. मी खालच्या आवाजात कोमलला सांगायची आणि ती त्यांना सांगायची. त्यांनी ढालीच्या चित्राचा चौकोन कधी आला होता का विचारलं. आला होता. मला तो व्हायरस वाटला म्हणून मी नको म्हणून दाबलं होतं. दादा म्हणाले, तो दार उघडू का म्हणून विचारत होता. ते त्यांनी नीट करून घेतलं. आकडा जरा हलला, पुन्हा बसला.

मग त्यांनी विचारलं, "वर जायचा वेग किती ठेवलाय?"

कोमलनं माझा पदर ओढला.

"कोमल?"

"एक."

"एक काय?"

"एकच, दादा."

पलीकडून दादांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग ते हसायला लागले, आणि ते हसणं इतकं मोकळं होतं की मला रागही आला नाही. "सोलापूर का? कळलं. पाणी चौथ्या दिवशी येतं ना तुमच्याकडं. अगं, हे नळासारखं नाही. हे सावडीसारखं आहे. तू देतेस का हे समोरचं मशीन बघत असतं. जो देतो त्याला ते आधी देतं. जो देत नाही त्याला सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर."

सावड म्हटल्यावर मी मशीनवरचा पाय काढला. ज्वारीच्या काढणीला माझ्या माहेरी सावड असायची. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. आई पहाटे भाकरी बांधून दुसऱ्याच्या रानात जायची आणि कोण कुणाकडं किती दिवस आलं हे कुणी तोंडानं बोलायचं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असायचं. जो येत नसे त्याच्या रानात कणसं उभी वाळायची. मी त्या गावची, आणि इथं बसून मी माझ्या मुलीला उभी वाळवत होते. कोमलनं एकाच्या जागी शून्य लिहिला. वरचा बाण मोकळा सुटला, आणि थोड्या वेळानं खालचाही. एक्केचाळीसचे संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याहत्तर झाले. मला तो आकडा बघून आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण तेरा दिवस गेले होते आणि पेपरला नऊच उरले होते.

दोन दिवसांनी आकडा शहाण्णववर आला आणि थांबला.

मला वाटलं पुन्हा आमचंच काही चुकलं. कोमलनं मला एक यादी उघडून दिली. त्यात प्रत्येक पीअरपुढं लहानसा तिरंगा होता आणि त्याच्याकडं किती पुस्तक झालं त्याचा आकडा. मी वरून खाली वाचत गेले. शहाण्णव. शहाण्णव. शहाण्णव. सदतीस झेंडे होते आणि सगळे शहाण्णववर. पूर्ण कुणाचंच नव्हतं. दादांनी सांगितलं की हे पुस्तक एका निवृत्त बाईंनी वाचलं होतं आणि पूर्ण फक्त त्यांच्याच मशीनवर होतं. त्या महिन्याभरापूर्वी वारल्या. घरच्यांनी मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. उरलेले तुकडे आता कुणाकडंच नव्हते.

"कोणते धडे गेले?" मी विचारलं.

कोमलनं ऐकून बघितलं. शीतयुद्धाचा अर्धा आणि त्याच्या आधीचा एक पूर्ण. ती म्हणाली, "जाऊ दे आई. दोन धडे सोडून देते." पण तिचा आवाज मला ठाऊक आहे. ती दिवसभर ते दोन धडे सोडून बाकीचं ऐकत राहिली आणि दर वेळी त्या जागी आली की तिची मान खाली जायची. दहावीला तिला एका विषयात काठावरचे मार्क पडले होते. बारावीत राहिली तर पुढं शिकवायचं का, असं घरातलं मोठं माणूस एकदा बोलून गेलं होतं. ते ती विसरली नव्हती, मीही नाही.

इतिहासाचं छापील पुस्तक घरात होतं. शाळेनं सगळ्यांना दिलं तसं तिलाही दिलं होतं. ते कपाटावर कोरं पडलेलं होतं. आणि घरात डोळे असलेली, अक्षर ओळखणारी एक बाई होती.

मी मोठ्यानं वाचत नाही. आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा रुळांच्या पलीकडे, आणि दिवाळी झाली की आमची मेंढरं चाऱ्यामागं निघायची, त्यांच्यामागं आम्ही, ते थेट ज्वारीच्या काढणीलाच परत. शाळा सुटली त्यात कुणाचं वाईट नव्हतं. मेंढरांत मी गप्प राहायची म्हणून मला मुकी म्हणायचे. सासरी आल्यावरही ते नाव कुणी न सांगता चिकटलं. मी मनात वाचते, बोट ठेवून. पुडीचा कागद, औषधाची चिठ्ठी, भिंतीवरची जाहिरात. जोडाक्षर आलं की थांबते, बाजूनं जाऊन बघते आणि पुढं जाते. हे कुणाला ऐकू येत नाही म्हणून चालतं.

कोमल एकदाही म्हणाली नाही की तू वाच. पेपरला सहा दिवस असताना मीच पुस्तक काढलं.

आठवड्यातून एक दिवस आमच्या भागातले माग बंद असतात. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होते की पहिल्यांदा आलेल्या माणसाला काहीतरी अघटित घडलंय असं वाटतं. त्या दुपारी आम्ही दार लावलं. कोमलनं फोन टॉवेलांच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि मी बोट ठेवलं. पहिलं वाक्य वाचायला मला किती वेळ लागला कोण जाणे. घाम फुटला. निर्वसाहतीकरण हा शब्द पाच वेळा पडला. सहाव्यांदा कोमलनंच तो पूर्ण केला आणि म्हणाली, "असू दे, पुढं चल." पुढं गेले. हळूहळू एक गोष्ट झाली. मी शब्दाकडं बघायची सोडून पुढं काय झालं ते बघायला लागले. दूरचे लोक आपल्या देशात आलेल्या परक्यांना घालवून देत होते आणि मला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

दोन मोठे देश एकमेकांशी न लढता लढत होते, अशा ठिकाणी मी आले आणि भिंतीपलीकडून पद्माक्काचा आवाज आला. पद्माक्का आमची शेजारीण, तेलुगू, तिच्या घरात पिढ्यांपासून माग. "ए वैनी, पाणी आलं की. झोपली काय?"

मी पुस्तक टाकलं. कोमल नळी धरायला धावली. आम्ही पिंप भरलं, घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पद्माक्काच्या मोटारीवरून मी तोंडातल्या तोंडात चार शब्द बोलले. परत आलो तर फोन गठ्ठ्यावर तसाच चालू. सगळं त्यात गेलं होतं. ते कापायचं कसं हे आम्हा दोघींना येत नव्हतं. मी होते तिथून पुढं वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा धडा पुरा झाला. कोमलनं कानाला लावून दोन्ही ऐकले, पुन्हा ऐकले. रात्रीच्या भाकरीला बसली तेव्हा तिनं अर्धी जास्त खाल्ली, तेवढ्यावरून मी ओळखलं.

मग तिनं माने दादांना सांगितलं. मला वाटलंच होतं. दादा म्हणाले, "मावशी, जुन्या पुस्तकात हे बसणार नाही. त्याच्या प्रत्येक तुकड्याला खूण असते, दुसरं काही घातलं तर ते ओळखतं आणि टाकून देतं. पण वेगळं करून सोडता येईल. सदतीस मुलं अडकलीत. सगळ्यांचा पेपर एकाच दिवशी, अकरा वाजता."

पेपरला चार दिवस होते. मी म्हटलं, "नको."

कोमलनं तोंड माझ्याकडं वळवलं. मी म्हटलं, "घरात ऐकायला ठीक हाय. ते चार लोकांत सोडायचं वाचन न्हाय. हसतील."

दादांनी आग्रह धरला नाही. एवढंच म्हणाले, "तुमचा आवाज आहे, तुमची मर्जी." त्यांचं हे बोलणं चांगलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी मशीनवर बसले. दोन दिवस मी खूप शिवलं. त्या दोन दिवसांत मी त्या यादीकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दुपारी मी गठ्ठा पोचवून आले तर कोमल भिंतीला टेकून बसलेली. एका कानात माझा धडा आणि दुसऱ्या कानाला फोन. ऐकायची आणि दादांना सांगायची. एक वाक्य ऐकायचं, थांबायचं, एक वाक्य सांगायचं. पलीकडं दादा ते ठिपक्यांच्या लिपीत टोचून घेत होते. त्यांनी ठरवलं होतं की संध्याकाळपासून एकेका मुलाला फोन लावायचा आणि वाचून दाखवायचं. सदतीस जणांना. त्यांचा आवाज बसलेला होता. कोमलनं माझा शब्द मोडला नव्हता. माझा आवाज तिनं बाहेर जाऊ दिला नव्हता, फक्त धडा जाऊ देत होती, स्वतःच्या तोंडून.

माझ्या चपला काढायच्या राहिल्या. मी जिथं अडखळले होते तिथं तीही थांबत होती, कारण कानात मी थांबलेली. माझंच वाचन मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते आणि मला त्यात धडाच ऐकू येत होता. कोण कुणाशी का भांडलं, कोण मध्ये पडलं नाही, सगळं कळत होतं. अडखळणं होतं, पण दळताना जात्याचा आवाज असावा तेवढंच.

"कोमल," मी म्हटलं, "पाठव ते."

"काय?"

"माझं. हाय तसं."

"पाण्याचं बी?"

"ते कापता येतंय का तुला?"

"न्हाय."

"मग जाऊ दे त्याच्यासंगं."

दादांनी सांगितलं तसं तिनं केलं आणि मुलांच्या गटावर खबर गेली. यादी उघडली. पूर्ण असलेले, एक. ते आम्ही. खाली एकेक तिरंगा उगवायला लागला, प्रत्येकाच्या पुढं शून्य. मी आयुष्यात कधी एवढ्या लोकांच्या समोर उभी राहिले नव्हते. अंगणात पाहुणे आलेत आणि मी एकटी वाढणारी, तसं झालं. आणि वाढायला हात पुरेना. फोनच्या नेटवरून वर जाताना धार बारीकच. संध्याकाळी सहा वाजता दीड जीबी संपलं आणि सगळे झेंडे जिथल्या तिथं उभे राहिले. सगळ्यात पुढचा चौतीसवर होता.

पद्माक्काच्या घरी वायरचं नेट होतं. भिंत एकच. वीस वर्षांत मी तिच्याकडं हळदीकुंकवाशिवाय गेले नव्हते आणि काही मागायला तर कधीच नाही. मी दारात उभी राहिले. बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळेना. म्हणून जे होतं ते सांगितलं. सदतीस मुलं, परवा पेपर, नेट संपलं.

पद्माक्का चटईवर सुपारी कातरत होती. "एवढंच की? मला वाटलं मोटारीवरनं भांडायला आली." मग अडकित्ता खाली ठेवला. "वैनी, तू बोलत न्हाईस, मला वाटायचं तुझा राग हाय माझ्यावर."

"राग हायच," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून कसं गेलं कळलं नाही.

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सुनेला हाक मारून तिनं पासवर्ड लिहून दिला. "मोटार मात्र लावणार मी," म्हणाली.

त्या नेटवर वरचा बाण असा उडाला की मी कोमलचा हात धरून लॅपटॉपवर ठेवला, जणू तिला तो हातानं कळणार होता. पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी पहिला झेंडा शंभरावर गेला. मग तो झेंडाही देऊ लागला, मग दुसरा. आता आम्ही एकटे नव्हतो. मी टॉवेल शिवत होते आणि दर टॉवेलामागं मान वळवून कोमलला सांगत होते, चौदा झाले, एकोणीस झाले. संध्याकाळी दोन वेळा वीज गेली. दादांचा फोन आला, आवाज पार बसलेला. म्हणाले, "मावशी, बीडची एक मुलगी विचारते, ते पाणी भरलं का नीट शेवटी?"

ही गोष्ट मी अजून ह्यांना सांगितलेली नाही. सांगितली तर वर्षभर ऐकवतील.

कोमल त्या वर्षी पास झाली. इतिहासात चांगले मार्क पडले. ती आता पुण्यात वसतिगृहावर राहते, एम.ए. करते, आणि तिच्यानंतर मी सात पुस्तकं वाचली. आता जोडाक्षराला थांबत नाही, आणि वाचता वाचता हे असं लिहायलाही जमायला लागलं. दादा पाठवतात ते पुस्तक मी माग बंद असतात त्या दिवशी वाचते. पद्माक्का पाणी आलं की हाक मारत नाही, दाराशी येऊन हातानं खूण करते. हे सगळं चांगलं झालं. तरी फेब्रुवारी लागला की लॅपटॉप लावून बसते ती ह्या चांगल्यासाठी नव्हे.

पेपरच्या दिवशी सकाळी हे सुटी टाकून कोमलला मोटारसायकलवर केंद्रावर घेऊन गेले. तिचा पेपर लिहून देणारी नववीची मुलगी तिथंच भेटणार होती. मी घरी एकटी. माग सुरू झाले, ऊन पत्र्यावर चढलं. मी यादी उघडली. छत्तीस जण शंभरावर होते. एक त्र्याऐंशीवर होता. आदल्या रात्री तो नव्हता, सकाळी केव्हातरी आला असावा. त्याचं नेट फार मंद होतं. छत्तीस जण आणि मी, सगळे त्या एकालाच देत होतो आणि तरी त्याच्याकडं थेंब थेंब जात होतं.

साडेनऊला सत्याऐंशी. मी मशीनवर बसले नाही. दहाला नव्वद. मला येत होतं तेवढं सगळं मी बघून घेतलं, वरच्या बाणाला कुठं अडवलेलं नव्हतं, ढालीचा चौकोन नव्हता, पद्माक्काचं नेट नीट चालू होतं. आमच्या बाजूनं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. साडेदहाला ब्याण्णव. मी मनात म्हटलं, बंद कर बाबा आता, निघ, पोचायचं आहे. मग वाटलं, बाबा का म्हणते, मुलगी असेल. अकरा वाजले तेव्हा चौऱ्याण्णव होते. कुठंतरी घंटा झाली असेल. कोमलच्या हातात प्रश्नपत्रिका गेली असेल आणि लिहिणारी मुलगी तिला पहिला प्रश्न वाचून दाखवत असेल.

तो झेंडा गेला नाही. मशीन चालू ठेवून तो पेपरला गेला असावा, किंवा गेलाच नसेल. कुणाच्या तरी घरात, कट्ट्यावर किंवा जमिनीवर, एक मशीन एकटंच माझं वाचन गोळा करत होतं आणि ऐकणारं जवळ कुणी नव्हतं. मी नको म्हटलं होतं ते दोन दिवस माझ्याकडं होते. त्यातला एक जरी त्याला मिळाला असता तरी पुरला असता.

बारा वाजून वीस मिनिटांनी त्याचे शंभर झाले.